बाकड्याखालची बाटली

टेचिमानच्या बाजारात, कांद्यांच्या रांगेमागे
माझं बाकडं. बाकड्यावर अठ्ठावीस बाटल्या पामतेलाच्या,
आणि बाकड्याखाली, जुन्या फडक्यात गुंडाळलेली, एक.
ती विकायची नसते.

चौथा लागला तेव्हा दवाखान्यात
नर्स असाबेआनं कार्डावर वजन लिहिता लिहिता विचारलं,
घरात तेल कुठलं?
मी हसले. म्हटलं, तेलवालीला तेल विचारता?
ती हसली नाही.
म्हणाली, लाल चालेल. चांगलंच ते, बाळाच्या डोळ्यांना.
पण पुडीतलं लाल नको.
आणि तळून उरलेलं पुन्हा पुन्हा नको,
काळवंडलं, फेसाळलं, की सरळ ओतून दे.
मग तिनं पुढचं नाव पुकारलं.

पुडीतलं लाल!
तिला काय ठाऊक, तेव्हाही ती पुडी
माझ्या कमरेच्या गाठीत होती.
नखभर पूड, पिंपभर तेलाला.
उतरलेल्या मालावर लाली चढते, गिऱ्हाईक थबकतं.
सासू करायची. शेजारची पोमा करते.
ट्रकवाला मालाबरोबर वर देतो, फुकट.

खरं तेल कसं ओळखायचं ते मला विचारा.
हरमटानच्या कोरड्या पहाटे ते थिजतं, रवाळ होतं,
चमचा रोवला तर उभा राहतो.
कढईत तापलं की फिकुटतं,
कुणी खरं बोलून दाखवल्यासारखं.
रंगवलेलं मात्र कितीही तापवा,
चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही.
नखाच्या कडेला बसलं की साबणाला दाद देत नाही.
रविवारी चर्चमध्ये
मी उजवा हात डाव्याखाली ठेवते.

डोहाळे लागले ते तळलेल्या केळ्यांचे.
रोज तिन्हीसांजेला ती खालची बाटली घरी न्यायची.
मावशीनं गावी स्वतः फळं उकडून, कुटून काढलेलं तेल.
दोन पळ्या, एकदाच.
उरेल ते कोंबड्यांच्या खुराड्यामागे.
नवरा म्हणायचा, काय थाट राणीसाहेबांचा!
मी म्हणायचे, माझा नव्हे, आतल्याचा.

काल एक मुलगी आली. डुफी नाव सांगितलं.
पोट माझ्याहून पुढे गेलेलं,
पायांत दोन जोडांतल्या दोन चपला.
एकेक बाटली उचलून तिनं उन्हासमोर धरली,
घाई नाही, जशी कापडाची पारख करावी,
आणि सगळ्यांत लाल होती ती छातीशी घेतली.
नर्स म्हणते, लाल चांगलं.
बाळाच्या डोळ्यांना.

रुमालाच्या टोकात मोजून आणलेले पैसे.
ती गाठ सोडत होती.
मी म्हटलं, ती नको. शिळी आहे.
इतक्या वर्षांच्या धंद्यात
गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोललेलं हे पहिलं खोटं.
वाकले. सातव्या महिन्यात वाकणं म्हणजे
भरली घागर तिरकी करणं.
फडकं सोडलं. बाटली तिच्यापुढे ठेवली.
त्याच भावात, म्हटलं.

तिनं पाहिलं. नारिंगी, तळाशी किंचित गाळ.
मग माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे.
तूसुद्धा? म्हणाली.
पोटुशी बघून उतरलेला माल गळ्यात मारतेस?

उत्तर होतं. जिभेवर होतं.
ते दिलं असतं तर अठ्ठावीस बाटल्यांचं काय,
पोमाच्या चाळीसांचं काय,
त्या रांगेत चुली पेटतात त्या सगळ्यांचं काय.
मी बाटलीचं बूच घट्ट करत राहिले.

ती पोमाकडे गेली.
पोमाचं माझ्यापेक्षा लाल असतं.

संध्याकाळी केळी कापली. दोन पळ्या ओतल्या.
तेल फिकुटत गेलं, मी बघत राहिले,
एक बाजू करपली तरी.
पुडी कमरेलाच होती. अजून आहे.
पहिला घास घेतला तशी
आतून लाथ बसली, बरगडीखाली, जोरात.

भुकेची असते ती, म्हणतात बायका.